एकाचे आत्मचरित्र, दुसऱ्याचे घर

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी जो विषय मुक्रर केला तो वरकरणी सोपा होता. ज्या आत्मचरित्राने आपणास हलविले अथवा बदलले, त्याविषयी पुण्यातील वाचकांना बोलते करावे, आणि ते जे सांगतील ते लिहून आणावे, एवढीच कामगिरी. ज्या शहरात पुस्तकाविषयी मत नसलेला इसम शोधून काढणे हेच खरे संशोधन ठरावे, तेथे वाचकांस बोलते करणे अवघड जाण्याचे कारण नव्हते; अडचण आली ती वेगळीच. प्रश्न विचारताक्षणी बहुतेकांनी एखादे प्रतिष्ठित नाव घेतले, त्यातही महात्माजींच्या ‘सत्याचे प्रयोगां’चे अधिक, मग चहा आला, गप्पा सैलावल्या, आणि खरे पुस्तक बाहेर पडले ते त्यानंतर. आणि खऱ्या पुस्तकाविषयीही दोन वाक्ये बोलून होताहेत तोच बोलणारा पुस्तक बाजूला ठेवून आपल्या आजीविषयी, अबोल वडिलांविषयी, किंवा ज्यांच्याशी घराने संबंध तोडला त्या एखाद्या काकांविषयी सांगू लागे. हे विषयांतर इतक्या नियमाने घडत गेले की अखेर तोच विषय मानणे मला प्राप्त झाले.

समासातील शिसपेन्सिल

बुधवार चौकातील पुणे नगर वाचन मंदिर १८४८ साली स्थापन झाले. त्याच वर्षी, त्याच पेठेत, भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. वाचनालय आणि शाळा यांमधले अंतर पायी काही मिनिटांचे. परंतु जे पिढ्यान्‌पिढ्या वाचीत आले ते आणि ज्यांनी तेव्हा कोठे पाटी हाती घेतली ते, यांमधले अंतर मोजावयास कोणतेच माप नव्हते. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. तो निबंध म्हणजे आत्मचरित्र नव्हे. पण आपल्या लोकांच्या वाट्याला आलेले जिणे आपल्याच तोंडाने सांगण्याचा अधिकार जेथे प्रथम रुजू झाला, ती जागा पुणे होय, आणि मराठी आत्मकथनांचा विचार करताना हा दाखला मागे ठेवून चालणार नाही.

पेठेतल्याच एका जुन्या ग्रंथालयाच्या देव-घेव विभागात मला ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत पाहावयास मिळाली. पुठ्ठा मूळचा नव्हता; पाठीला कापडी पट्टी लावून पुन्हा बांधलेली ती प्रत होती, आणि शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारण्याची चिठ्ठी एकीवर एक इतक्यांदा डकवलेली होती की त्या जागी पान अंगठ्याएवढे जाड झाले होते. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे, ज्या सोवळ्यातून मीठदेखील धुतल्यावाचून सुटत नसे, त्या मजकुराशेजारी समासात कोणीतरी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘आमच्या आत्या!’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘आमच्याही.’ आणि या दोहोंखाली, निळ्या शाईने, तिसऱ्या कोणी बजावले होते, ‘ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.’

तीन अनोळखी वाचकांचा हा संवाद मला कोणत्याही परीक्षणापेक्षा अधिक मोलाचा वाटला. १८६८ साली जन्मलेल्या, बेताचेच शिक्षण झालेल्या एका बाईने उतारवयात लिहिलेले हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. १९३६ साली लेखिका निवर्तल्या, आणि अखेरचा भाग त्यांच्या मुलास पुरा करावा लागला. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांतील विरह, हट्ट, अन्नपाण्याचे निर्बंध आणि त्यांतून हळूहळू मोकळे होत जाणारे मन हा या पुस्तकाचा गाभा. परंतु ज्या वाचकांशी मी बोललो त्यांपैकी धर्मांतराविषयी आपण होऊन बोलणारे थोडे. बोलले ते धुतलेल्या मिठाविषयी, नवऱ्याच्या विसराळूपणाविषयी, आणि एवढे सारे सोसूनही ही बाई कोणावर डूख धरीत नाही, उलट हसते, याविषयी. तेथील ग्रंथपालबाईंचा अनुभवही याच धर्तीचा. त्यांच्याकडे दुपारी येणाऱ्या सभासद स्त्रिया कादंबरीचे नाव घेऊन येतात, आणि मनाजोगती न मिळाल्यास म्हणतात, ‘मग खरं काहीतरी द्या.’ खरं म्हणजे आत्मचरित्र, हे उभयपक्षी ठाऊक असते.

कोथरूडमधील भिशी

कोथरूडच्या एका सोसायटीत निवृत्त स्त्रियांची पुस्तक-भिशी चालते. रीत अशी की दरमहा प्रत्येकीने ठरलेली वर्गणी द्यावयाची, चिठ्ठी जिची निघेल तिने त्या रकमेची पुस्तके घ्यावयाची, आणि ती पुस्तके सर्व घरांतून फिरून अखेर तिच्याकडे परत यावयाची. दागिने वा भांडी घेण्यासाठी चालणाऱ्या भिशीचा हा वाङ्मयीन अवतार महाराष्ट्रात आता बऱ्याच गावी दिसतो. मी गेलो त्या दुपारी बैठक होती ती आत्मचरित्रांचीच, आणि सुरुवातीस, अपेक्षेप्रमाणे, ‘आहे मनोहर तरी’वरून खडाजंगी झाली. सुनीताबाई देशपांडे यांचे हे पुस्तक १९९० साली आले तेव्हा त्यांचे पती पु. ल. देशपांडे यांच्यावर जीव टाकणाऱ्या मराठी समाजाला घरातले पु. ल. प्रथमच दिसले, आणि पुष्कळांना ते रुचले नाही. आज इतक्या वर्षांनीही कोथरूडमधील त्या दिवाणखान्यात तट सरळ दोन पडले. एक पक्ष म्हणत होता की घरची भांडणे चव्हाट्यावर आणू नयेत. दुसरा म्हणत होता की त्यांनी सर्वांत कठोर झाडाझडती घेतली आहे ती स्वतःची. हा वाद कोणी जिंकला नाही; परंतु तो चालू असता एक सत्तरीच्या बाई, ज्या तोवर गप्प होत्या, शांतपणे म्हणाल्या की ते पुस्तक वाचल्यावर आपला पगार यापुढे आपल्याच खात्यात जमा होईल, असे आपण नवऱ्याला सांगितले. बाकीच्या बायका क्षणभर बोलावयाच्या थांबल्या. पुस्तकाने बदलणे म्हणजे काय, याचे इतके हिशेबी उत्तर मला पुढे मिळाले नाही.

त्याच बैठकीत टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकूंनी दया पवारांच्या ‘बलुतं’ची हकीकत सांगितली. पुस्तक १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढले, आणि ते थोड्याच अवधीत कचेरीतल्या एका सहकाऱ्याने त्यांस वाचावयास दिले. डबा खाण्याच्या सुटीत त्या ते वाचीत. मुंबईतील कावाखान्याची वस्ती, गावकीची कामे, मेलेल्या जनावराचे मांस, हे सारे वाचताना त्यांना प्रथम किळस, मग लाज, आणि शेवटी एक निराळाच प्रश्न पडला: पुस्तक देणारा हा मनुष्य कित्येक वर्षे आपल्या शेजारच्या टेबलाशी बसतो, त्याचे घर कोठे आहे हे आपणास ठाऊक कसे नाही? त्यांनी धीर करून त्यास तसे विचारलेही. तो हसला आणि म्हणाला, ‘मॅडम, पुस्तक तेवढं परत करा, म्हणजे झालं.’ तो रागावून बोलला की थट्टेने, हे आपणास आजतागायत उमगले नाही, असे काकू म्हणाल्या. त्यांनी पुस्तक परत केले आणि स्वतःसाठी एक प्रत विकत घेतली.

‘ग्रंथाली’ ही व्यावसायिक पेढी म्हणून निघाली नव्हती, वाचक चळवळ म्हणून निघाली होती, हे येथे सांगणे अवश्य आहे. सभासदांकडून वर्गणी आधी घ्यावयाची आणि पुस्तके त्यांच्या हाती स्वस्तात पोहोचवावयाची, ही तिची पद्धत असल्यामुळेच ‘बलुतं’ आणि पाठोपाठ १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही पुस्तके, ज्या घरांतून त्यांतील माणसांना कधी आत घेतले गेले नसते, अशा घरांच्या कपाटांत जाऊन बसली. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ याच सुमारास आले. पुढे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’.

याची दुसरी बाजू मला मराठीच्याच एका प्राध्यापकांनी दाखविली. त्यांचे बालपण पुण्याच्या एका वस्तीत गेले. तरुणपणी ‘बलुतं’ त्यांनी वडिलांना मोठ्याने वाचून दाखविले, तेव्हा ज्या प्रसंगांपाशी पेठेतील वाचकाच्या डोळ्यांस पाणी येते तेथे वडील खदखदून हसले, कारण असल्या फजित्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. आणि जेथे लेखकाने घरातल्या बायामाणसांविषयी लिहिले आहे तेथे त्यांनी पुस्तक मिटावयास लावले. हे लिहावयास कशाला हवे होते, असा त्यांचा सवाल होता. प्राध्यापक म्हणाले, ‘वर्गात मुलं सांगतात, सर, पुस्तक फार हृदयस्पर्शी आहे. मी विचारतो, तुमच्या हृदयाला स्पर्श व्हावा म्हणून हे लिहिलं असेल का?’ दलित आत्मकथनांविषयी स्वसमाजातूनही नाराजी उमटली होती, हे खरेच आहे. आपली लक्तरे दुसऱ्यांनी पाहून हळहळावे यात लिहिणाऱ्याच्या आप्तांना कसला आनंद? वाचक हलला, याचे श्रेय पुस्तकास देताना त्याची किंमत कोणी मोजली हेही पाहावे, एवढे त्या प्राध्यापकांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

एकाच घरची तीन पुस्तके

पुण्यातील आत्मचरित्रांचे एक वैशिष्ट्य असे की पुरुषाने केलेल्या सार्वजनिक कार्याचा जमाखर्च घरातील स्त्रीच्या पुस्तकात तपासता येतो. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालच्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी पतीच्या इच्छेने अक्षरे गिरवू लागते आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिला त्यापायी छळू लागतात, ही कथा सुपरिचित आहे. १८९० सालचे पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण इतिहासाच्या पुस्तकांत वादाच्या रूपाने येते. कोण प्यायले, कोणी प्रायश्चित्त घेतले, ग्रामण्य कसे बसले, इत्यादी. रमाबाईंच्या पतीलाही भोवलेल्या त्या एका पेल्याची घरातली बाजू पाहावयाची तर रमाबाईंकडेच गेले पाहिजे.

याहून विलक्षण उदाहरण हिंगण्याच्या विधवाश्रमाचे. तो काढणाऱ्या धोंडो केशव (अण्णा) कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली आले. त्यांच्या मेहुणीचे, पार्वतीबाई आठवले यांचे, ‘माझी कहाणी’ १९२८ साली. आणि पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली. बाया या मूळच्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. १८९३ साली त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. पार्वतीबाई इंग्रजी जेमतेम येत असता आश्रमासाठी थेट अमेरिकेत गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. अण्णांच्या पुस्तकात आश्रमाचा हिशेब आहे. बायांच्या पुस्तकात, जे आश्रमास दिले ते घरात उरले नाही म्हणून संसार कसा रेटला, याचा हिशेब आहे. दोन्ही हिशेब खरे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

एरंडवण्यात राहणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी ‘आजी हिंगण्याला होती’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने म्हटले जाई. म्हणजे आजी बालविधवा होती, हे त्या वाक्यात कोणी उघडून सांगत नसे. ‘माझे पुराण’ वाचल्यावर त्यांना आजीच्या ट्रंकेतील वस्तूंचा अर्थ लागला: जपून ठेवलेल्या पावत्या, सुतळीचे तुकडे, आणि एक इंग्रजी पहिले पुस्तक, ज्याची पहिली वीस-पंचवीस पानेच तेवढी मळली होती. ते म्हणाले की आजी कंजूष म्हणून आम्ही भावंडे तिला हसत असू. पुस्तकाविषयी याहून अधिक ते काही बोलले नाहीत.

तगादा लावणारे

जी आत्मचरित्रे वाचकांना इतकी भिडली ती लिहिली कशी गेली, याचा तपास घेता एक बाब ठळकपणे समोर येते. त्यांपैकी पुष्कळ पुस्तके कोणीतरी पिच्छा पुरविल्यामुळे निर्माण झाली अथवा टिकली. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी तो प्रवास लिहून काढला तो चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहामुळे, आणि वैद्यांनी तो छापला १९०७ साली, तोही सरकारची मर्जी सांभाळीत, फेरफार करून. मुळाबरहुकूम ‘माझा प्रवास’ दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला तेव्हा १९६६ साल उजाडले होते.

अभिनेत्री हंसा वाडकर यांची गोष्ट तर या शहराच्या अगदी जवळची. ‘सांगत्ये ऐका’ हा त्यांचा १९५९ चा तमाशापट पुण्याच्या विजयानंद थिएटरात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. परंतु पडद्यामागील त्यांचे आयुष्य लोकांपुढे आले ते श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ या नियतकालिकामुळे आणि बाईंनी सांगावे व आपण लिहून घ्यावे असे काम अंगावर घेणाऱ्या अरुण साधूंमुळे. राजहंस प्रकाशनाने १९७० साली त्याचे पुस्तक केले, त्यास नावही चित्रपटाचेच दिले, आणि पुढे श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ त्यातूनच निघाला. फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपल्या लहानशा किराणा दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या दडवीत, वर्षानुवर्षे लिहिले. संशोधनासाठी फलटणला येऊन राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते लेखन उजेडात आणावयास लावले नसते तर ते तसेच राहिले असते. पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. ते वाचलेल्या एका तरुण परिचारिकेने मला सांगितले की तिने प्रथम काय केले असेल तर आईला विचारले, तू कधी काही लिहून ठेवले आहेस का. आईने नाही म्हटले. मुलीचा अजून विश्वास नाही.

आणि ‘सत्याचे प्रयोग’? गांधीजींनी प्रस्तावनेतच नमूद केले आहे की येरवड्याची शिक्षा पुरी भोगावयास मिळाली असती तर आत्मकथा तेथेच लिहून झाली असती. तसे झाले नाही, कारण जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाच्या विकाराने त्यांस तुरुंगातून ससून रुग्णालयात हलवावे लागले, कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली आणि पुढच्याच महिन्यात सरकारने त्यांस मुक्त केले. अशा रीतीने पुण्याचा एक मोठा वाङ्मयीन मान एका शस्त्रक्रियेने हुकला. पुढे स्वामी आनंदांनी तगादा लावला आणि ‘नवजीवन’च्या अंकांतून प्रकरणे येऊ लागली. मराठीत हे पुस्तक अप्पा पटवर्धनांनी आणले. राज्यातील तुरुंगांच्या ग्रंथालयांतून ते कैद्यांच्या हाती पडत असते, आणि मुंबईतील एका गुन्हेगाराने ते कोठडीत वाचून न्यायालयापुढे आपल्या गुन्ह्यांची कबुली दिल्याची हकीकत सर्वोदय मंडळातील कार्यकर्ते आवर्जून सांगतात. सुरुवातीस ज्या प्रतिष्ठित नावाचा मी किंचित उपहास केला, त्याचीही बाजू अशी भक्कम आहे.

शास्त्री रस्त्यावरील अभ्यासिका

नवी पेठ, सदाशिव पेठ आणि शास्त्री रस्ता या टापूत स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींसाठी ज्या अभ्यासिका आहेत, त्यांत महिन्याचे भाडे भरून प्रत्येकास एक खुर्ची, एक फळी आणि तिन्ही बाजूंनी प्लायवूडचा आडोसा मिळतो. त्या आडोशावर नकाशे, चालू घडामोडींची टिपणे आणि एखादे देवाचे चित्र चिकटवलेले असते. फळीवर, राज्यशास्त्राच्या पुस्तकांच्या बाजूला, बहुधा एखादे आत्मचरित्र. विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’, राजेश पाटील यांचे ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’, डॉ. राजेंद्र भारूड यांचे ‘मी एक स्वप्न पाहिलं’, नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन्‌ आम्ही’, ही तेथील नित्याची नावे. अप्पा बळवंत चौकातून ती घेतली जातात, आणि मुक्काम हलवणारा मुलगा ती मागे राहणाऱ्यास देऊन जातो. खानदेशातून आलेल्या एका विद्यार्थ्यास तर मुखपृष्ठावर आपल्या आईची बोली ठळक टायपात पाहून दुकानातच भरून आले होते.

या पुस्तकांविषयी माझे मत मी लपवीत नाही. ज्या चरित्राचा शेवट मुखपृष्ठावरच कळतो, त्याचा उपयोग औषधासारखा होतो. वाचन म्हणून ते थोडे पडते. जागा मोजक्या आणि उमेदवार लक्षावधी, या व्यवहारात बहुतेकांच्या हाती अपयशच यावयाचे, आणि त्या दिवशी उपयोगी पडावयाचे पुस्तक कोणते, याचे उत्तर या कपाटात नाही. वारंवार अपयश आलेल्या एका सोलापूरकडच्या मुलाने मात्र ते स्वतःपुरते शोधले होते. त्याने यशाची सारी पुस्तके वाटून टाकली आणि ठेवले एकच, आनंद यादवांचे ‘झोंबी’. शिकू पाहणाऱ्या मुलाला शेतात जुंपणारा, मारणारा, शाळेच्या नावाने खवळणारा बाप यादवांनी रंगविला आहे. पण त्या बापाची दारिद्र्याने केलेली दशाही त्यांनी नजरेआड होऊ दिलेली नाही. तो मुलगा म्हणाला, ‘आधी वडिलांशी फोनवर फक्त पैशांचं बोलणं व्हायचं. आता पिकाचं विचारतो. ते पण बोलतात.’

दिवाळीच्या सुटीत हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांना एक विनंती करावीशी वाटते. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर जेवणानंतरचा तासभर त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. वही पाठकोऱ्या कागदांची असली तरी चालते. सनावळी विचारू नये, ती त्यांना आठवत नाही आणि आपणास लागत नाही. पहिले बिऱ्हाड कोणत्या वाड्यात होते, भाडे किती होते, नळावर कोणाशी भांडण होई, पहिल्या पगाराचे काय केले, घरात कोणाला वेगळ्या कपातून चहा दिला जाई, हे विचारावे. आणि शेवटल्या प्रश्नाचे उत्तर आले तर ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे.